अम्रीचे घराणे: शेरा आणि पुरावा वेगळे कसे काढावेत

अम्री, त्याचा मुलगा अहाब, अहाबाचे दोन मुलगे अहज्या आणि योराम. इस्राएलच्या उत्तर राज्यातले हे चार राजे, काळ इ.स.पू. नववे शतक. त्यांची दुष्कीर्ती जवळजवळ सगळी बायबलमधल्या राजांच्या पुस्तकांतून आलेली आहे, त्यामुळे तपासणीही तिथूनच सुरू करायची. 1 राजे 16:23 ते 2 राजे 10 एवढा मजकूर समोर ठेवा आणि दोन रंगांच्या पेन्सिली घ्या.

एका रंगाने फक्त शेरे अधोरेखित करा. 'परमेश्वराच्या दृष्टीने वाईट ते केले' हा शेरा उत्तरेच्या जवळजवळ प्रत्येक राजाला मिळालेला दिसेल. त्याचे कारणही मजकुरातच आहे: उत्तर राज्याचा पहिला राजा यराबाम याचे पाप, म्हणजे बेथेल आणि दान इथली सोन्याची वासरे. म्हणजे हा शेरा उपासनेबद्दलचा आहे, खासगी चारित्र्याबद्दलचा नाही. बहुतेक वाचक इथेच घसरतात. अहाबावर राजधानी शोमरोनात बआल या कनानी देवाचे देऊळ बांधल्याचा जादा आरोप आहे. तरीही त्याच्या दोन्ही मुलांच्या नावांत परमेश्वराचेच नाव (हिब्रूतले याह्वे) आहे. योरामाने बआलाचा स्तंभ काढून टाकला, असे 2 राजे 3:2 सांगते. हे वचन सहसा कोणी उद्धृत करत नाही.

दुसऱ्या रंगाने नुसत्या कृती अधोरेखित करा. अम्रीच्या वाट्याला जेमतेम सहा वचने येतात. त्यांत ठोस गोष्ट एकच: शेमेरकडून दोन किक्कार रुपे देऊन, म्हणजे साधारण 60 ते 70 किलो चांदी मोजून, टेकडी विकत घेतली आणि तिच्यावर शोमरोन वसवले. राजाने जागा पैसे देऊन घेतली, हे लक्षात ठेवा. पुढे नाबोथाच्या प्रकरणात ते लागेल.

आता वर्षे जुळवा. अम्रीने 12 वर्षे राज्य केले म्हणतात. पण तो दक्षिणेच्या यहूदा राज्याचा राजा आसा याच्या 31 व्या वर्षी गादीवर आला आणि अहाब 38 व्या. वजाबाकी केली तर सातच उरतात. मोजणी आसाच्या 27 व्या वर्षापासून करा. त्या वर्षी जिम्री सात दिवस राजा होता, त्यानंतर अम्रीचा गादीसाठी तिब्नीशी झगडा चालला. पहिले आणि शेवटचे वर्ष दोन्ही धरले की 12 भरतात. हीच पद्धत पुढेही लावा. कुर्खच्या अश्शूरी शिलालेखात अहाब इ.स.पू. 853 मध्ये अश्शूरविरुद्धच्या कर्करच्या लढाईत 2,000 रथ आणि 10,000 पायदळ घेऊन उभा आहे. 841 मध्ये योरामाला मारून राजा झालेला येहू अश्शूरला खंडणी देतो. मधल्या 12 वर्षांत अहज्याची 2 आणि योरामाची 12 बसवायची, तर दोघांचेही एकेक वर्ष कमी करावे लागते, आणि अहाब कर्करनंतर लवकरच मेला असे धरावे लागते. रथांच्या आकड्यावर अभ्यासकांचे एकमत नाही, तेव्हा त्यावर फार भार टाकू नका. याच सुमारास यहूदातही एक योराम आणि एक अहज्या राज्य करत होते. प्रत्येक नावापुढे राज्य लिहून ठेवले नाही तर गोंधळ ठरलेला.

शिलालेख निःपक्षपाती असतात असेही समजू नका. 1868 मध्ये धिबानला सापडलेल्या शिळेवर शेजारच्या मोआबचा राजा मेशा म्हणतो की मोआबचा देव कमोश आपल्या देशावर रागावला म्हणून अम्रीने मोआबला पुष्कळ दिवस छळले. हाही शेराच, फक्त दुसऱ्या देवाच्या बाजूने. शिलालेखांतून घराण्याची ताकद कळते, नीती कळत नाही.

नीतीचा खरा आरोप 1 राजे 21 मध्ये आहे. तो सावकाश वाचा. अहाब इज्रेल गावच्या नाबोथाला त्याच्या द्राक्षमळ्याच्या बदल्यात दुसरा चांगला मळा किंवा रोख किंमत देऊ करतो. नाबोथ नकार देतो, कारण ते वाडवडिलांचे वतन आहे. लेवीय 25:23 प्रमाणे जमीन कायमची विकता येत नाही. अहाब तोंड फिरवून अंथरुणावर पडतो, जेवत नाही. मग त्याची राणी ईजबेल त्याच्या नावाने पत्रे लिहून त्याचीच मोहर लावते. उपास जाहीर होतो, दोन साक्षीदार उभे राहतात (दोन हवेतच, अनुवाद 17:6), देवाची आणि राजाची निंदा केल्याचा आरोप होतो, आणि गावाबाहेर दगडमार. प्रत्येक पायरी कायद्याच्या चौकटीत बसवलेली आहे, हेच यातले भयंकर. वडीलधाऱ्यांपैकी एकानेही पत्र परत पाठवले नाही.

याला 2 राजे 9:26 जोडून वाचा. तिथे नाबोथाच्या मुलांचेही रक्त सांडल्याचा उल्लेख येतो, जो अध्याय 21 मध्ये नाही. वारस उरला असता तर वतनावर राजाचा हात पडणे अवघड होते, हे ध्यानात घेतले की तो उल्लेख किरकोळ वाटत नाही.

ईजबेलवर 'व्यभिचार' हा शब्द 2 राजे 9:22 मध्ये येतो, तोही येहूच्या तोंडून. संदेष्ट्यांच्या भाषेत त्याचा अर्थ परदेवांची उपासना. तिच्या अंथरुणाबद्दल मजकुरात काही नाही. डोळ्यांत काजळ घालून, केस नीट करून ती खिडकीतून येहूला जिम्री म्हणते. जिम्री म्हणजे धन्याला मारून सात दिवस राजा झालेला, आणि ज्याला हटवून अम्री वर आला तो. येहूने तिला खिडकीतून खाली टाकवले, शोमरोनातून अहाबाच्या 70 मुलांची डोकी टोपल्यांत भरून मागवली. 2 राजे 10:30 त्याला शाबासकी देते. संदेष्टा होशेय याच्या पुस्तकातले 1:4 मात्र इज्रेलातल्या त्याच रक्ताबद्दल येहूच्या घराण्याला शिक्षा सांगते.