योकमोकला आधी एक हिवाळा काढा

माझ्या पहिल्या मुलाखतीतला पहिलाच प्रश्न चुकला. समोर सामी या उत्तर स्वीडनमधल्या आदिवासी समाजातले एक रेनडियरपालक बसले होते आणि मी विचारलं, "तुमच्याकडे रेनडियर किती?" आमच्या पाटण तालुक्यात कुणाच्या गोठ्यात गेलं की "जनावरं किती?" हे आपुलकीनं विचारतात. इथे मात्र ते गप्प झाले, कपात कॉफी ओतली आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. संध्याकाळी माझ्या घरमालकीणबाईंनी समजावलं, की हा प्रश्न म्हणजे परक्या माणसाला त्याच्या बँकेतली शिल्लक विचारणं. कळप हीच इथली मिळकत. तेव्हापासून तो प्रश्न मी कुणालाही विचारला नाही. तुम्ही विचारू नका.

उमेओच्या स्वीडिश कृषिविज्ञान विद्यापीठात वनशास्त्राचं मास्टर्स करताना प्रबंधासाठी मी स्वीडनच्या अगदी उत्तरेकडच्या योकमोकला गेले. विषय होता रेनडियर हिवाळ्यात खातात ते जमिनीवरचं दगडफूल आणि जंगलतोड. ग्रामीण स्वीडनमध्ये प्रबंध, इंटर्नशिप किंवा नोकरी करायचा विचार असेल, तर माझा अनुभव उपयोगी पडावा म्हणून हे लिहिते आहे.

आधी आकार समजून घ्या. स्वीडनमध्ये २९० कोमून आहेत. कोमून म्हणजे शाळा, वृद्धांची घरपोच सेवा, पाणी, रस्त्यावरचा बर्फ हे सगळं पाहणारी आणि त्यासाठी स्वतःचा आयकर घेणारी स्थानिक संस्था. दवाखाना मात्र तिच्याकडे नाही, तो रीजनकडे, म्हणजे अनेक कोमूनांच्या वरच्या प्रादेशिक संस्थेकडे. योकमोक कोमूनचं क्षेत्र महाराष्ट्रातल्या सर्वांत मोठ्या जिल्ह्यापेक्षा, म्हणजे अहिल्यानगरपेक्षा, थोडं जास्तच आहे. तिथे राहणारी माणसं मात्र सुमारे पाच हजार. आर्क्टिक वृत्त गावाच्या किंचित दक्षिणेकडून जातं. 'कम्युनिटी'चा अभ्यास करायचा म्हणून येणारे बहुतेकजण इथे एकच समाज आहे असं धरून चालतात. मीही तसंच धरलं होतं. प्रत्यक्षात सामी कुटुंबं आहेत, जुन्या शेतकरी वसाहतींतली घरं आहेत, वीजकेंद्रांच्या कामासाठी आलेल्यांची पुढची पिढी आहे आणि अलीकडे दुसऱ्या देशांतून आसऱ्याला आलेले लोकही आहेत. याच कोमूनमधल्या वुओलेरिम गावाची गोष्ट योकमोक गावाला लागू होत नाही आणि क्विक्योक गावाची तर दोघांनाही नाही.

माझ्या मनावर सर्वांत जास्त वजन पडलं ते नदीचं. लुले नदीवर पोरयुसचं वीजकेंद्र १९१० साली बांधायला घेतलं, खनिज वाहणाऱ्या रेल्वेला आणि खाणींना वीज पुरवण्यासाठी. पुढे नदीवर एकामागून एक धरणं झाली. 'हार्स्प्रोंगेत' हे स्वीडनमधलं सर्वांत मोठं जलविद्युत केंद्र याच कोमूनमध्ये आहे. वरच्या अंगाला सुओर्वाचं धरण बांधण्यासाठी १९१९ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा तुकडा उद्यानातून वगळला गेला. सामी कुटुंबांची उन्हाळी वस्तीची जागा आणि चराईची कुरणं पाण्याखाली गेली. धरणाची उंची नंतरही वाढवत नेली, त्यामुळे काहींना पुन्हा पुन्हा हलावं लागलं. मेसाउरेला तर कामगारांसाठी अख्खं गाव वसवलं होतं, शाळा-दुकानांसकट. धरण पुरं झालं आणि घरं काढून नेली. आज तिथे जंगलात नुसते रस्ते दिसतात.

माझ्या आजोबांची जमीन कोयनेच्या शिवसागरात गेली. हे मी तिथे कुणाला मुद्दाम सांगितलं नव्हतं. एका दुपारी कॉफी पिता पिता घरमालकीणबाई म्हणाल्या, "वीज दक्षिणेला जाते, पाणी आमच्याकडे राहतं." मी आजोबांचं सांगितलं. त्या दिवसापासून त्या मला लोकांकडे स्वतः घेऊन जायला लागल्या. तुमच्या घरात अशी काही गोष्ट असेल तर ती आपणहून सांगा. इथली माणसं प्रश्नांपेक्षा अशा सांगण्याला लवकर उत्तर देतात.

संशोधकांबद्दलचा सावधपणा नुसत्या स्वभावातून आलेला नाही. १९२२ मध्ये उप्सालाला वंशजीवशास्त्राची सरकारी संस्था निघाली आणि तिच्या लोकांनी उत्तरेत फिरून सामी माणसांच्या डोक्यांची मापं घेतली, फोटो काढले. ज्यांच्या आजी-आजोबांना असं मोजलं गेलं, त्यांच्या स्वयंपाकघरात तुम्ही वही घेऊन बसणार आहात. हे लक्षात ठेवून बसा. कुणाच्या घरी जाण्यापूर्वी योकमोकचं आय्त्ते हे सामी संस्कृतीचं संग्रहालय नीट पाहा, एक पूर्ण दिवस द्या.

म्हणून माझं सांगणं एकच: उन्हाळ्यात सहा आठवडे जाऊन 'फील्डवर्क' उरकू नका, हिवाळ्यात जा. उन्हाळ्यात कळप डोंगरांत असतात आणि गावातली अर्धी माणसं बाहेर. हिवाळ्यात कळप जंगलात उतरतात, दिवस दोन-चार तासांच्या उजेडाचा असतो आणि माणसांना बोलायला वेळ असतो. माझा विषयही मला तिथेच कळला. मध्येच पाऊस पडून गोठला की बर्फावर कडक थर बसतो. तो रेनडियरला खुरानं फोडता येत नाही आणि खाली दगडफूल असूनही जनावर उपाशी राहतं. मग विकतचं खाद्य घालावं लागतं. दगडफूल वर्षाला काही मिलिमीटरच वाढतं, त्यामुळे एकदा जंगलाची जमीन उकरली गेली की भरून यायला कित्येक वर्षं लागतात. पुस्तकात हे सगळं वाचलं होतं. उणे तीसमध्ये पोती उतरवताना समजलं.

फेब्रुवारीच्या पहिल्या गुरुवारी योकमोकची जत्रा सुरू होते, १६०५ पासूनची. ती चुकवू नका, पण त्या दिवसांत मुलाखती मागू नका. घरोघर पाहुणे असतात.

भाषा हवीच. इंग्रजी सगळ्यांना येतं, पण मनातलं कुणी इंग्रजीत बोलत नाही. लोकनोंदणीत नाव आलं की कोमूनचा स्वीडिशचा वर्ग फुकट असतो. वर्षभर किंवा जास्त राहणार असाल तरच नोंदणी आणि व्यक्तिक्रमांक मिळतो. तो नसल्यामुळे एका बँकेत माझं खातं दोन महिने अडलं होतं, म्हणून उमेओला पोचताच हे काम आधी करा. वर्गात एक गोष्ट शिकवत नाहीत. उत्तरेकडचे लोक 'हो' म्हणताना शब्द उच्चारत नाहीत, ओठांचा चंबू करून श्वास चटकन आत घेतात. ते पूर्ण होकारार्थी उत्तर आहे, प्रश्न पुन्हा विचारायची गरज नाही. अहो-जाहो तर नाहीच. सत्तरीच्या बाईंना नावानं हाक मारायला मला महिना लागला.

आणखी दोन विषय जपा. पिवळी यॉर्ट्रोन बेरी कोणत्या दलदलीत वेचता, हे विचारायचं नाही. घराण्यांच्या जागा असतात त्या. आणि काल्लोकच्या नियोजित लोखंडाच्या खाणीबद्दल कुणाचं मत पहिल्या भेटीत काढू नका. मार्च २०२२ मध्ये सरकारनं परवाना दिला. नोकऱ्या हव्यात म्हणणारे आणि चराई तुटेल म्हणणारे एकाच दुकानात भाजी घेतात, कधी एकाच घरात राहतात.

तयारीचं थोडक्यात: शरद सत्राचे अर्ज ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होऊन जानेवारीच्या मध्यावर बंद होतात. युरोपबाहेरच्यांना २०११ पासून शुल्क आहे, त्यामुळे शिष्यवृत्तीचा शोध अर्जाबरोबरच सुरू करा. योकमोकला रेल्वेनं मुर्येकपर्यंत आणि पुढे बसनं जाता येतं. बूट एक माप मोठे घ्या, आत दोन लोकरी मोजे बसले पाहिजेत.

प्रबंध झाल्यावर मी त्याचा चार पानी स्वीडिश गोषवारा घेऊन परत गेले. तेवढं प्रत्येकानं करावंच. त्याच रेनडियरपालकांनी तो टेबलाशी बसून सावकाश वाचला. मग पेन मागून घेतलं, गोठलेल्या थरासाठी मी वापरलेला शब्द खोडला आणि वर त्यांच्या लुले सामी भाषेतला शब्द लिहिला. विद्यापीठात जमा केलेल्या प्रतीत तोच छापला आहे.