जुनी गाडी घेताना आधी तिचं नाक तपासा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं डेंटिंगचं शेड आहे. जुनी गाडी दाखवायला आलेलं गिऱ्हाईक बॉनेटवर थाप मारतं आणि म्हणतं, "पत्रा लई जाड हाय, भावा!" जाड असून करायचंय काय? गाडीचं नाक धडकेत चेपायलाच बनवलेलं असतं. त्यालाच क्रंपल झोन म्हणतात.

नाक जेवढं चेपतं, तेवढं अंतर आतल्या माणसाला थांबायला मिळतं. ताशी ५० किलोमीटर वेगाने भिंतीवर गेलात, बेल्ट लावलेला आहे आणि ६० सेंटिमीटरमध्ये थांबलात, तर सरासरी झटका वजनाच्या साधारण १६ पट. तेच १० सेंटिमीटरमध्ये थांबलात तर जवळपास ९८ पट. म्हणून पुढचा-मागचा भाग चेपणारा आणि मधली केबिन कडक. ही विभागणी मर्सिडीजच्या बेला बारेनी या इंजिनिअरची, १९५९ साली ती त्यांच्या गाडीत आली.

पण हा भाग एकदाच कामाला येतो. चेपलेला ओढून सरळ केला की वरून नवा दिसतो, आत जीव उरत नाही. तो ओळखायचा असा.

गाडी दिवसाउजेडी बघा. बॉनेट उघडलं की दोन्ही चाकांच्या वर ॲप्रन, म्हणजे आतला पत्रा दिसतो. त्याच्या कडेवर कंपनीचे स्पॉट वेल्ड असतात, मसुराच्या दाण्याएवढे, ओळीत. एका बाजूला ते दिसतायत आणि दुसरी कड गुळगुळीत आहे, म्हणजे तिथे लांबी (पुट्टी) भरलीय. पत्र्याच्या जोडावरची सीलंटची रेघही बघा. कंपनीची एकसारखी, हाताने मारलेली जाडबारीक. बॉनेटच्या बोल्टवर पान्याचे ओरखडे असले तर एवढ्यावर गाडी सोडू नका, नुसत्या रंगासाठीही बॉनेट उतरवतात.

खरं काम खालून. गाडी रॅम्पवर चढवा आणि टॉर्च मारा. इंजिनाच्या दोन्ही अंगांनी पुढे येणारे पोकळ दांडे म्हणजे चेसिस लेग. त्यांवर बऱ्याचदा खाचा असतात. लोकांना वाटतं कुणीतरी ठोकलंय. तसं नाही, घडी तिथून पडावी म्हणून कंपनीनेच त्या पाडलेल्या असतात. डावा-उजवा जुळवून बघा. एकीकडे खाच आणि दुसरीकडे त्याच जागी पट्टी वेल्ड केलेली असेल, तर गाडी कितीही स्वस्त असो, सोडा. पट्टीने लेग ताठ होतो, घडी पडत नाही आणि मार केबिनकडे जातो. गॅसने तापवून ओढलेला लेगही तसलाच; हाय-स्ट्रेंथ स्टील तापवलं की ताकद घालवतं. कंपनीचा नवा भाग मापात बसवलाय असं मालक म्हणाला तर बिल मागा.

बुलबार, म्हणजे बंपरपुढे लावलेला लोखंडी गार्ड असेल तर घेतल्या दिवशी काढून टाका. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलंय, तरी कावळा नाक्यावर उभं राहिलात की दिसतातच. तो बहुतेकदा थेट लेगला बोल्ट केलेला असतो. मग घडीचा आणि एअरबॅगच्या सेन्सरचा, दोन्हींचा हिशोब बिघडतो.

चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझायला हवा. लागलाच नाही, तर कुणीतरी तो बंद करून ठेवलाय असं समजून चौकशी करा. शेवटी पुढचे दोन्ही बेल्ट पूर्ण बाहेर ओढा. जोराचा ताण बसलेल्या पट्ट्यावर लहरी किंवा घासल्याचे डाग दिसू शकतात. तसं काही दिसलं तर बेल्टचे पैसे भावातून वजा करायला बसू नका, गाडी परत रॅम्पवर चढवा.