मेकफाईल लिहिताना या चुका टाळा

महापे-ऐरोलीच्या आयटी कंपन्यांत नवीन लागलेली मुलं-मुली मेकफाईलपाशी, म्हणजे 'मेक' या टूलला कामं सांगणाऱ्या फाईलपाशी, हमखास अडकतात. बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली लिहिलेलं 'मेक' आजही बिल्ड, टेस्ट, डिप्लॉय अशी रोजची कामं एका कमांडवर आणतं. पण त्याचे जुने नियमही तसेच टिकून आहेत.

'मिसिंग सेपरेटर' हा एरर आला की बहुतेक वेळा कमांडच्या ओळीच्या सुरुवातीला टॅबऐवजी स्पेस पडलेल्या असतात. एडिटरमध्ये मेकफाईलपुरतं 'टॅबच्या स्पेस करा' हे सेटिंग बंद ठेवा. हा एरर निदान ओरडून सांगतो. खरा घात न ओरडणाऱ्या चुका करतात.

'मेक टेस्ट' चालवलं आणि उत्तर आलं, 'टेस्ट इज अप टू डेट'. लोक खूश होतात. प्रत्यक्षात एकही टेस्ट चाललेली नसते! प्रोजेक्टमध्ये त्याच नावाचं फोल्डर आहे, आणि मेकच्या लेखी टार्गेट (आपण सांगितलेल्या कामाचं नाव) म्हणजे फाईल. त्या नावाचं काहीतरी आधीच आहे, मग करायचं काय? एक्झिट कोडही शून्य, म्हणजे 'सगळं ठीक', येतो, त्यामुळे आपोआप तपासणी करणारी पाइपलाइन हिरवी दिसते. टेस्ट, क्लीन, डिप्लॉय ही नावं 'डॉट फोनी'च्या (.PHONY) ओळीत लिहाच; ही फाईल नाही, नुसतं कामाचं नाव आहे, हे ती ओळ मेकला सांगते. कोड रिव्ह्यूमध्ये मी सगळ्यात आधी हीच ओळ शोधतो.

रेसिपीची, म्हणजे टार्गेटखाली लिहिलेल्या कमांडची, प्रत्येक ओळ नव्या शेलमध्ये (कमांड चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) चालते, हे विसरू नका. एका ओळीत बॅकएंड फोल्डरमध्ये 'सीडी' केलं, तरी पुढच्या ओळीतलं 'एनपीएम इन्स्टॉल' मूळ फोल्डरमध्येच चालतं. दोन्ही कमांड एकाच ओळीत && ने जोडा. यावर सगळी रेसिपी एकाच शेलमध्ये चालवणाऱ्या 'वनशेल'च्या (.ONESHELL) ओळीचा उपाय आहे, पण तो जीएनयू मेक (मेकचा प्रचलित प्रकार) ३.८२ पासून आला. मॅकसोबत येणारं मेक ३.८१ आहे आणि ते ही ओळ गुपचूप सोडून देतं. ठाण्याला घरी मॅक आणि महापेच्या ऑफिसात लिनक्स, अशी जोडी असेल तर एकच फाईल दोन तऱ्हेने वागते. 'वनशेल' वापरण्याआधी दोन्हीकडे मेकचं व्हर्जन बघा.

रेसिपीत शेलचं व्हेरिएबल हवं असेल तर त्याच्या नावाआधी डॉलर दोनदा ($$) लिहा. एकच डॉलर दिला की मेक नावाचं फक्त पहिलं अक्षर धरतं आणि उरलेली अक्षरं तशीच शेलकडे पाठवतं. फायली उडवणाऱ्या ओळीत असं झालं, तर भलतंच फोल्डर साफ होऊ शकतं. अशी रेसिपी आधी 'मेक' ला '-एन' देऊन चालवा: काही न पुसता कमांड नुसत्या छापून येतात, आणि चुकलेला पाथ तिथेच दिसतो.