पिल्लाच्या अंगावर चट्टे दिसले की दवाखान्याआधी करायची तयारी

कुत्र्याच्या पिल्लाचे केस जागोजागी गेलेले दिसले की घरातला पहिला हात हळदीच्या डब्याकडे किंवा खोबरेल तेलाकडे जातो. तो आधी थांबवा. तयारीतलं पहिलं काम म्हणजे चट्ट्याला काहीही न लावणं. डॉक्टर तिथली त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघणार असतात, केस उपटून तपासणार असतात, पुळीतला पू काचपट्टीवर घेणार असतात. बुरशी शोधायला वापरतात त्या जांभळ्या दिव्याखाली हळदही चमकते आणि काही मलमंही, मग खरं काय ते ओळखणं अवघड होतं. भेटीआधीचे तीन-चार दिवस आंघोळही घालू नका. औषधाच्या दुकानातून माणसांसाठी आणलेली खाज-नायट्याची ट्यूब तर मुळीच नको. तिच्यात बऱ्याचदा बेटामेथासोन किंवा क्लोबेटासोल हे स्टेरॉइड असतं. चार दिवस लाली उतरते, खाली बुरशी किंवा किडे मात्र वाढत राहतात आणि चट्ट्याचं मूळ रूपच बदलून जातं. केरोसीन, गाडीचं जळकं ऑइल, गोठ्यातलं गोचिडाचं औषध हे उपाय अजूनही सांगितले जातात. पिल्लू ते अंग चाटतं, शिवाय कोवळ्या त्वचेतून विष आत जातं, म्हणून हे जिवावर बेतू शकतं.

मग खिडकीपाशी, भरपूर उजेडात पिल्लाला घ्या आणि केस विंचरत नाकापासून शेपटीपर्यंत बघा. बोटांच्या बेचक्या आणि कानाच्या आतली बाजू सुटू देऊ नका. चट्टे मोजा. प्रत्येकाशेजारी दहा रुपयांचं नाणं धरून फोटो काढा. नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो, त्यामुळे दोन आठवड्यांनी चट्टा वाढला की आकसला, यावर वाद राहत नाही. जागाही लिहून ठेवा, कारण जागा बरंच सांगते. डोळ्यांभोवती, तोंडाच्या कोपऱ्यात, पुढच्या पायांवर केस गेलेत, त्वचा थोडी लाल किंवा काळपट आहे आणि खाज जवळपास नाही, तर डेमोडेक्सचा संशय घ्यावा. हा किडा पिल्लू जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत, दूध पिताना आईकडून येतो आणि केसांच्या मुळांत राहतो. माणसाला तो लागत नाही. कानांच्या कडा, कोपरं आणि मागच्या पायांचे घोटे सोलवटलेत, पिल्लू जेवण सोडून खाजवतंय, तर ती खरूज असू शकते. चेहऱ्यावर किंवा पंजांवर गोलसर चट्टा, कडेला कोंडा आणि तुटके केस हे गजकर्णाचं लक्षण. शेपटीच्या मुळाशी आणि पाठीच्या मागच्या भागावर केस गेले तर आधी पिसवा शोधा. पोटावर, जांघेत बारीक पिवळ्या पुळ्या असतील तर तो बहुधा लहान पिल्लांना होणारा जिवाणूंचा संसर्ग असतो आणि तो सगळ्यांत लवकर आवरतो.

घरच्या घरी दोन तपासण्या करता येतात. पिल्लाच्या कानाची पाळी मधोमध दुमडून कडेवर कड हळूच चोळा. लगेच मागचा पाय खाजवल्यासारखा हलू लागला तर खरजेचा संशय बळावतो. तो हलला नाही म्हणून खरूज नाही, असं मात्र धरू नका. दुसरी पिसवांची. पांढरा टिश्यू पेपर ओला करून जमिनीवर पसरा, त्यावर पिल्लाला उभं करून पाठीचे केस उलटे चोळा. पडलेले काळे कण पाण्यात तांबूस पसरले तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त आहे. कण काळेच राहिले तर माती. पिसू एकही दिसली नाही तरी हा पुरावा पुरतो.

एका कागदावर पुढची माहिती लिहून न्या: वय, पिल्लू कुठून आलं, आईला आणि भावंडांना चट्टे होते का, जंताच्या औषधाच्या आणि लसींच्या तारखा, आधी दिलेल्या गोळ्या आणि इंजेक्शनांची नावं. घरात कुणाच्या दंडावर, पोटावर खाजरे पुरळ किंवा गोल चट्टा उठलाय का, हेही लिहा. ही बाब लोक विसरतात, पण खरूज आणि गजकर्ण दोन्ही माणसाला लागतात. वजन अंदाजाने सांगू नका. पिल्लाला घेऊन काट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा आणि वजाबाकी करा. औषधाची मात्रा किलोवर ठरते आणि दोन किलोंच्या पिल्लात पाव किलोची चूकही मोठी असते. पिल्लाला कधी फिट आली असेल तर ते सगळ्यांत वर लिहा, कारण डेमोडेक्स, खरूज आणि पिसवांवर आज वापरतात त्या फ्लुरालानेर, अफोक्सोलानेर, सारोलानेर गटातल्या गोळ्या अशा कुत्र्यांना जपून द्याव्या लागतात. प्रत्येक गोळीची वयाची आणि वजनाची किमान अट असते, ती पाकिटावर वाचा. पिल्लू कॉली, शेटलँड किंवा ऑस्ट्रेलियन शेफर्ड जातीचं किंवा त्यांच्या संकराचं असेल तर इव्हरमेक्टिनचं इंजेक्शन घेण्याआधी ते स्पष्ट सांगा. या जातींतल्या बऱ्याच कुत्र्यांत असा जनुकदोष असतो की हे औषध मेंदूत साचतं.

खाण्याबद्दल जरा सविस्तर लिहा. आपल्याकडे पिल्लू दूध-चपातीवर वाढतं, वर वाढीसाठी म्हणून कॅल्शियमचं सिरप सुरू असतं. धान्यातलं फायटेट आणि जास्तीचं कॅल्शियम मिळून जस्त शोषू देत नाहीत. मग झपाट्याने वाढणाऱ्या पिल्लाच्या डोळ्यांभोवती, ओठांवर, कोपरांवर जाड खपल्या धरतात आणि तळपायाच्या गाद्या कडक होऊन भेगाळतात. यावर मलम चालत नाही. कॅल्शियम बंद करून पिल्लांसाठीचा संतुलित आहार सुरू केला की बहुतेक पिल्लं सुधारतात. जस्ताची गोळी मनाने देऊ नका, जास्त झालेलं जस्त विषारी ठरतं.

दवाखान्यात गेल्यावर त्वचा खरवडून तपासायचा आग्रह धरा. डेमोडेक्ससाठी त्वचा चिमटीत दाबून, पात्याला तेल लावून, बारीक रक्त दिसेपर्यंत खरवडावं लागतं, तेही तीन ते पाच जागांवरून. वरवर खरवडलं तर किडा सापडत नाही, कारण तो खोल असतो. डोळ्यांजवळ आणि बोटांत पातं चालवणं कठीण, तिथले केस मुळासकट उपटून बघतात. खरजेचं उलटं: किडे मोजकेच असतात, खरवडण्यात सापडतातच असं नाही, म्हणून लक्षणं जुळली तर डॉक्टर उपचार सुरू करून प्रतिसाद बघतात, आणि घरातल्या सगळ्या कुत्र्यांना औषध द्यावं लागतं. गजकर्णासाठी कोऱ्या टूथब्रशने चट्टा आणि आजूबाजूचे केस घासून नमुना कल्चरला, म्हणजे बुरशी वाढवून बघायच्या तपासणीला, पाठवता येतो, त्याला दोन-तीन आठवडे लागतात. जांभळ्या दिव्याखाली केस हिरवट चमकले तर उपयोग आहे, पण सगळ्या बुरशा चमकत नाहीत. जवळच्या दवाखान्यात सूक्ष्मदर्शक नसेल तर परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यक महाविद्यालयांत कुत्र्यांची तपासणी होते.

डेमोडेक्सचे चारपेक्षा जास्त चट्टे नसतील, ते लहान असतील आणि पिल्लू एरवी टुणटुणीत असेल, तर किड्यावर औषध न देता जंत आणि आहार नीट करून चार आठवड्यांनी पुन्हा तपासणं हाच बहुतेक वेळा योग्य निर्णय असतो. असे बहुतेक चट्टे दीड-दोन महिन्यांत आपोआप भरतात. पाच किंवा जास्त चट्टे, दोन पंजे सुजलेले, पू किंवा कुबट वास असेल तर मात्र वाट बघू नका.

घरी आणून ठेवायचं सामान थोडं आहे: डॉक्टरांनी सांगितलेला दोन ते चार टक्के क्लोरहेक्सिडीनचा शाम्पू, मऊ टॉवेल, गळ्यात घालायचा कोन आणि घड्याळ. कोमट पाणी घ्या, फेस चट्ट्यांवर पूर्ण दहा मिनिटं ठेवा, मग स्वच्छ धुवा. इथेच बहुतेकांचं चुकतं: दोन मिनिटांत धुतला की औषध काम करायच्या आत निघून जातं. फेस डोळ्यांत जाऊ देऊ नका. नंतर बोटांच्या बेचक्यांसकट अंग कोरडं करा. पावसाळ्यात हे फार महत्त्वाचं आहे.

गजकर्ण निघालं तर पिल्लाला पुसता येईल अशा फरशीच्या खोलीत ठेवा, पण दिवसभर एकटं कोंडू नका. या वयात त्याला माणसांची सोबत हवी, हातमोजे आणि जुने कपडे घालून खेळता येतं. झाडू मारल्याने केस उडतात, म्हणून व्हॅक्यूम किंवा ओलं पुसणं बरं. आधी साबणाच्या पाण्याने घाण काढा, मगच एक भाग ब्लीच आणि शंभर भाग पाणी या मिश्रणाने पुसा. ब्लीच अॅसिडात किंवा दुसऱ्या कुठल्याही क्लीनरमध्ये कधीही मिसळू नका, विषारी वायू सुटतो. फरशी वाळल्यावरच पिल्लाला आत सोडा. पिसवा असतील तर अंथरूण गरम पाण्यात धुवा आणि सोफ्याखालची फट साफ करा. अंडी आणि अळ्या पिल्लाच्या अंगापेक्षा तिथे जास्त असतात.

अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी निघायचं एक कारण आहे. तीन आठवडे ते चार महिने वयाच्या पिल्लाचं तोंड अचानक सुजलं, जबड्याखाली गाठी आल्या, ते मलूल झालं, तर ती डॉक्टरांच्या देखरेखीत स्टेरॉइड लागणारी वेगळी व्याधी असू शकते. उशीर झाला तर चेहऱ्यावर कायमचे व्रण राहतात.

केस परत आले म्हणून डेमोडेक्सचं औषध थांबवू नका. दर महिन्याला त्वचा खरवडून बघा, आणि महिन्याच्या अंतराने दोन वेळा एकही किडा सापडला नाही तरच डॉक्टरांना विचारून बंद करा. अंगभर पसरलेला डेमोडेक्स झालेल्या कुत्र्यापासून पिल्लं घेऊ नयेत. मादी असेल तर माजावर आल्यावर तो उलटू शकतो, म्हणून त्वचा बरी झाली की नसबंदीची तारीख ठरवून घ्या.