बीटल्सचा सराव पाहताना

बीटल्स या ब्रिटिश बँडच्या सरावावरचा पीटर जॅक्सन यांचा ‘गेट बॅक’ हा २०२१ चा माहितीपट जवळपास आठ तासांचा असल्याने तो एका बैठकीत संपवू नये. त्याचे तीन भाग तीन रात्रींत वाटून घ्यावेत आणि परभणीसारख्या ठिकाणी वीज कधी जाईल याचा नेम नसल्याने इन्व्हर्टरची बॅटरी भरलेली असू द्यावी. चित्रीकरण जानेवारी १९६९ चे आहे. पहिला भाग रेंगाळतो, हे खरे. परंतु बँडमधला पॉल मॅकार्टनी बेस गिटार छेडत काहीबाही पुटपुटतो, समोर त्याचा साथीदार जॉर्ज हॅरिसन जांभई देतो आणि त्याच गुणगुणण्यातून हळूहळू शीर्षकगीत आकाराला येते, तो प्रसंग मागे नेऊन दोनदा पाहावा. भजनाच्या सरावात पेटीवाला पट्टी शोधत असताना टाळकरी जसे ताटकळतात, तसेच काहीसे ते दृश्य आहे. हेडफोन अवश्य लावावेत, कारण येथे कुरबुरीही हळू आवाजातच होतात. दुसऱ्या भागात पाहुणा वादक बिली प्रेस्टन कीबोर्डवर बसताच उजळणारे चेहरे न्याहाळावेत. ३० जानेवारीचा बँडचा गच्चीवरील कार्यक्रम मात्र मोबाइलवर पाहू नये. तेथे पडदा विभागून गच्ची, रस्त्यावरची गर्दी आणि तक्रारींमुळे आलेले पोलीस एकाच वेळी दाखवले आहेत.