भिशीत 'द कार्पेट वीव्हर' वाचायची तर

आमच्या मंगळवार पेठेतल्या भिशीत आम्ही अकरा जणी. चिठ्ठी काढून झाली की अर्धा तास वाचन. नेमत सादात या अफगाण लेखकाची ही कादंबरी तुम्हालाही वाचावीशी वाटली, तर मी कसं केलं ते सांगते.

आधी फोन करून स्पष्ट बोला: एका मुलाचं दुसऱ्या मुलावर प्रेम असतं, त्याची गोष्ट आहे. आमच्यातल्या दोघी आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पैसे द्यायला आल्या, तेव्हा मी विषय काढला नाही.

पुस्तक इंग्रजीत आहे, म्हणून आदल्या रात्री सात-आठ पानं आपल्या मराठीत सांगायची तयारी करा. सुरुवात गोष्टीनंच करा. १९७७ सालचं काबूल, गालिच्यांच्या बड्या व्यापाऱ्याचा सोळा वर्षांचा मुलगा कनिष्क आणि त्याचा मित्र मैहान. नाव ऐकताच वहिनी म्हणाल्या, "अगं, हा तर आपल्या इतिहासाच्या पुस्तकातला कनिष्क!" त्यानंतर तो पोरगा कुणालाच परका वाटला नाही.

'कूनी' ही समलिंगी पुरुषाला देतात ती तिकडची शिवी येते, ती गाळू नका. ती वाचली तेव्हा समोरच्या काकू हळूच म्हणाल्या, "आमच्या बोळातली पोरं क्रिकेट खेळताना एकाला असंच चिडवतात." मग बराच वेळ त्याच पोराबद्दल बोलणं चाललं. चालू द्या. पुस्तक मिटून ठेवलं तरी चालेल.

लेखकाबद्दल शेवटी सांगा. सादात काबूलमध्ये विद्यापीठात शिकवत होते. २०१३ साली ती नोकरी गेली, आणि त्याच वर्षी आपण समलिंगी आहोत हे त्यांनी जगजाहीर केलं. जिवाच्या धमक्या आल्या. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबाननं काबूल घेतल्यावर तिथं अडकलेल्या समलिंगी आणि ट्रान्स माणसांना बाहेर काढायला हाच माणूस झटत राहिला. "तिकडंच असलं चालतं," असं कुणी म्हणालं, तर न चिडता सांगा की दोन पुरुषांचे संबंध ६ सप्टेंबर २०१८ पर्यंत आपल्या कायद्यातही गुन्हाच होते.

एक मात्र कटाक्षानं पाळा. 'तुमच्या घरात कुणी आहे का,' असं विचारायचं नाही, गमतीतसुद्धा नाही. ऐकणारीच्या पोटात काय दडलंय, आपल्याला ठाऊक नसतं.

त्या दिवशी सगळ्या गेल्यावर एक जण दारात चप्पल घालता घालता थांबली. मान खाली घालून म्हणाली, "कनिष्कच्या आईला कधी कळलं?"

मी तिला परत आत घेतलं आणि चहाचं आधण ठेवलं.