दसऱ्याच्या सुमारास आखा, संक्रांतीपर्यंत फुलेल: सातारा-सांगलीच्या परड्यासाठी हिवाळी सल्ला

पाऊस उघडला, शाळूच्या पेरण्या उरकत आल्या आणि तासगाव-पलूसकडे द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी सुरू झाली. रानातल्या कामांच्या या गर्दीत घरापुढचं अंगण आणि मागचं परडं हमखास मागे पडतं. डिसेंबरात कुणीतरी चार रंगीत कुंड्या आणून ठेवतं आणि महिन्याभरात त्या मान टाकतात. परडं संक्रांतीपर्यंत हिरवं आणि फुलतं राहावं असं वाटत असेल, तर त्याची आखणी याच पंधरवड्यात करा.

थंडीला घाबरायचं कारण नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी एखाद्या पहाटे दव गोठतं, तेवढा पट्टा सोडला तर आपली थंडी भाजीला आणि फुलांना मानवणारीच आहे. बाग खराब होते ती सावलीमुळे, आणि ही सावली ऑक्टोबरात नीट दिसत नाही. सूर्य दक्षिणेकडे सरकत असतो. आज दुपारी साडेबाराच्या सुमारास दहा फुटी भिंतीची सावली उत्तरेला चारेक फूट पडते. २२ डिसेंबरला तीच सावली साडेआठ फुटांपर्यंत जाते. उन्हाळ्यात जिथं ऊन भाजून काढतं, ती घराच्या उत्तरेकडची पट्टी हिवाळाभर ओलसर आणि गार राहते. म्हणून भिंत, गोठा, पाण्याची टाकी, शेजारचा मजला अशा प्रत्येक उंच गोष्टीच्या उत्तरेला, तिच्या उंचीपेक्षा थोड्या कमी अंतरावर, आजच चुन्याची रेघ मारा. रेघेच्या आत फुलझाड लावू नका. तिथं पुदिना, पानओवा, फर्न आणि सिंगोनियमसारखी पानांची झाडं चांगली राहतात. कडेला जिथं सकाळचं थोडं ऊन पोचतं, तिथं अबोली चालते.

थंडीत तुळस का वाळते, याचं उत्तरही पुष्कळ घरी याच रेघेत सापडतं. वृंदावन सावलीत सापडलं, वर मंजिऱ्या तशाच राहिल्या आणि रोज सवयीनं तांब्याभर पाणी पडत राहिलं, तर मुळं कुजतात. वृंदावन हलवता येत नाही. तुळशीची दोन रोपं मात्र कुंडीत, दक्षिणेच्या उन्हात तयार ठेवता येतात. मंजिऱ्या खुडत राहा आणि वरची माती सुकल्याशिवाय पाणी घालू नका.

उन्हाची जागा कळली की उंचीचा विचार करा. ऊन दक्षिणेकडून तिरपं येतं, म्हणून उंच झाडं वाफ्याच्या उत्तर कडेला आणि बुटकी दक्षिणेला लावायची. पावट्याचा मांडव, उंच झेंडू आणि वेलाचा वाटाणा मागे; मध्ये वांगी, मोहरी, शेवंती; पुढे गाजर, बीट, डायंथस, फ्लॉक्स. भाजी आणि फुलं वेगळी ठेवायचा हट्ट नको. गाजराच्या बारीक पाल्याची कड, बीटाची लाल शिरांची पानं, वांग्याची जांभळी फुलं आणि पावट्याचे पांढरे-जांभळे तुरे हे सगळं कुंडीतल्या विकतच्या झाडापेक्षा कमी देखणं नाही, आणि ते ताटातही येतं. माझा कल तर असा की वाफा आखताना भोगीचीच भाजी डोळ्यांपुढे ठेवावी. गाजर ९० ते १०० दिवसांत तयार होतं, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात बी पडलं तर भोगीला घरचं गाजर मिळतं. हरभऱ्याची एक ओळ आत्ताच टाका. कृष्णाकाठच्या वांग्याची रोपंही लगेच लावा. घेवडा मात्र नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात टोकला तरी पोचतो. मोहरी एकदम सगळी न पेरता पंधरा दिवसांच्या अंतरानं दोनदा पेरली, तर पिवळा रंग जास्त दिवस टिकतो आणि मधमाश्याही येत राहतात.

फुलांचं गणित मार्गशीर्षावर बसवा. गुरुवारच्या पूजेला फुलं लागतात आणि तेव्हाच बाजारात ती महागतात. झेंडूची महिन्याची रोपं आत्ता दीड फुटावर लावली आणि जोम धरल्यावर एकदा शेंडा खुडला, तर डिसेंबरात झाड भरून येतं. गुलाबाची छाटणीही आत्ताच करायची. जोमदार फांद्या जमिनीपासून दीड-दोन फुटांवर, बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या (जिथून कोंब फुटतो त्या जागेच्या) पाव इंच वर, तिरप्या कापा आणि कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा. द्राक्षबागायतदाराच्या घरी ती असतेच. छाटणीनंतर सहा-सात आठवड्यांत फुलं येतात. निम्मी झाडं आज आणि निम्मी पंधरा दिवसांनी छाटली, तर परडी रिकामी राहत नाही.

शेवंतीबद्दल एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. तिला कळी धरायला लांब आणि अखंड रात्र लागते. लालपत्ती (पॉइन्सेटिया) आणि पावट्याचे गावरान वाण यांचंही तसंच. ओसरीवरचा दिवा रात्रभर जळत असेल किंवा रस्त्यावरच्या खांबाचा उजेड थेट झाडावर पडत असेल, तर शेवंती नुसती पाल्यावर जाते आणि लालपत्ती हिरवीच राहते. मग खताला दोष दिला जातो. या तिन्हींना घराच्या अंधाऱ्या पण दिवसा उन्हाच्या बाजूला जागा द्या. कुंडीत असतील तर आत्ताच हलवा, कळ्या दिसू लागल्यावर नको. फुलं सरली की शेवंती बुडापासून वीतभर ठेवून कापा. खालून येणाऱ्या काश्या, म्हणजे बुडाशी फुटणारे कोंब, पुढच्या लागवडीला होतात.

मातीप्रमाणे थोडा फरक करावा लागेल. मिरज, वाळवा, पलूस भागातल्या काळ्या, क्षारपड जमिनीत पाणी साचतं, म्हणून तिथं फूटभर उंच गादीवाफेच करा आणि कुंपणाला क्षार सोसणारी कण्हेर लावा. ती विषारी आहे, तेव्हा जनावरं आणि लहान मुलं पोचतील अशा जागी नको. माण, खटाव, जत, आटपाडीच्या मुरमाड रानात कोरांटी आणि बोगनवेल धरा. बोगनवेलीला पाणी जरा ताणलं की ती जास्त फुलते, आणि टँकरच्या गावात हा फार मोठा आधार आहे. दोन्हीकडे उसाचं पाचट तीन इंच जाडीनं अंथरा, फक्त खोडाला भिडू देऊ नका. साखर कारखान्याची मळी (प्रेसमड) वापरायची तर पूर्ण कुजलेलीच. ताजी मळी मातीत तापते आणि मुळं जाळते.

पाणी सकाळीच द्या. संध्याकाळी भिजलेल्या पानांवर रात्रीचं दव पडलं की रोगाला निमंत्रण मिळतं. गुलाबाच्या पानांवर भुरी (पांढरी, पिठासारखी बुरशी) दिसली तर पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम, कडक उन्हात नाही, आणि भाजीच्या ओळींवर उडू न देता फवारा. ढगाळ हवेत पावट्यावर आणि शेवंतीवर मावा चढतो. त्याला ५ टक्के निंबोळी अर्क पुरतो: कुटलेली निंबोळी ५० ग्रॅम लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी गाळून थोडा साबण मिसळायचा आणि ऊन उतरल्यावर पानांच्या खालच्या बाजूनं फवारायचा.

कायमची झाडं लावताना दक्षिण बाजू फार जपून वापरा. तिथं आंबा किंवा फणस वाढला की हिवाळ्याचं सगळं ऊन तो अडवतो. त्या जागी देवचाफा उत्तम. उन्हाळ्यात तो सावली देतो, थंडीत पानं गाळून ऊन आत सोडतो, आणि त्याच्या उघड्या फांद्यांची ठेवणही देखणी असते. दक्षिणेच्या किंवा पश्चिमेच्या कुंपणावर संक्रांतवेल चढवा. जानेवारीत ती नारंगी फुलांनी झाकून जाते, मात्र आधार भक्कम हवा, कारण वेल वजनदार होते. कुंदाचं एखादं झुडूप दारापाशी असू द्या, माघापर्यंत पांढरी फुलं मिळतात. देवचाफ्याची फांदी फेब्रुवारी-मार्चात काढा, चीक वाळेपर्यंत आठवडाभर सावलीत ठेवा आणि मगच रोवा. ओली लावली तर बुडाशी सडते.